घरी बांधलेल्या विमानाच्या चाकांचं हायड्रॉलिक प्रेशर दर चार मिनिटांनी पडतंय, हे चालवून घ्यावं का?

सागरवेळ
मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. विमानाबद्दल इथे कुणी सांगू शकेल का माहीत नाही, पण या साइटवर बोटीवाले, नेव्हीवाले, परदेशातले सगळेच आहेत म्हणून विचारतेय.

माझा धाकटा भाऊ टेक्सासमध्ये असतो, समुद्रापासून अर्ध्या तासावर. त्याने तीन वर्षांपूर्वी एक दोन सीटचं फायबरचं विमान सेकंडहँड घेतलं. किटवरून कुणीतरी स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेलं, चाकं आत ओढून घेता येतात असं. मे महिन्यात मी गेले होते तेव्हा शेजारच्या सीटवर बसून दीड तास उडले. फार सुंदर अनुभव, तो कधीतरी वेगळा लिहीन.

तर वर गेल्यावर मागून कुठूनतरी घर्रर्र असा दोन सेकंद आवाज आला. मी दचकले. बापू (भाऊ) म्हणाला काही नाही, चाकांचा हायड्रॉलिक पंप आहे. प्रेशर आठशे पीएसआयला (दर चौरस इंचावर इतके पौंड, असं दाबाचं माप) आला की आपोआप चालू होतो, अकराशेला बंद होतो. बरं म्हटलं. थोड्या वेळाने परत घर्रर्र. मग मी घड्याळ लावलं. साधारण दर चार मिनिटांनी. साडेआठ हजार फुटांवर सरळ उडत असतानाही तेच. उतरल्यावर मी पोटाखाली वाकून बघितलं, तेलाचा थेंब नाही. टाकीची पातळी त्याने दाखवली, होती तिथेच.

तो म्हणतो सगळ्यांचीच विमानं असं करतात. या चाकांना वर अडकवायला कुलूप नाही, फक्त तेलाच्या दाबावर ती वर धरलेली असतात, त्यामुळे पंप अधूनमधून बोलणारच. गणपतीला तो आला होता तेव्हा पडवीत बसून यावर आमचं दोन रात्री चाललं. जानेवारीत आई त्याच्याकडे जाणार आहे आणि तिला बसवायचं त्याने कबूल केलंय. मला हे चालवून घेणं पटत नाही. तेल बाहेर येत नाही, टाकीत कमी होत नाही, मग प्रेशर जातो कुठे?

रानमेवा
मंगळवार, रात्री १०:०२

धागा भारी आहे. मला यातलं शून्य कळतं पण वाचत राहणार. एकच विचारते, प्रेशर पूर्ण गेला तर चाकं खाली पडतात का वर अडकतात?

सागरवेळ
मंगळवार, रात्री १०:११

@रानमेवा, खाली येतात, निदान यायला हवीत. वर धरणारा दाब गेला की वजनाने लोंबतात आणि खाली आल्यावर सांध्याचा कोन असा होतो की ती स्वतःच अडकून बसतात, तिथे दाबाची गरज उरत नाही. पुढच्या चाकाला वाऱ्याविरुद्ध पुढे यायचं असतं म्हणून त्याला गॅसचा स्ट्रट आहे, गाडीच्या डिकीला असतो तसा, तो ढकलतो.

बंदरमिस्त्री
मंगळवार, रात्री ११:२५

ताई, मी मिरकरवाड्याला बोटींची हायड्रॉलिकची कामं करतो, वीस एक वर्षं झाली. विमान जवळून बघितलेलं नाही पण तेल ते तेल. तुम्ही लिहिलंत की पोटाखाली थेंब नाही आणि टाकी तेवढीच. मग उत्तर अर्धं तुम्हीच दिलंय. तेल बाहेर जात नाही म्हणजे आतल्या आत परत टाकीत जातंय. दाबाच्या बाजूकडून रिटर्नच्या बाजूला कुठूनतरी वाट मिळालीय. आम्ही याला "आतून पास होतंय" म्हणतो.

बोटीच्या स्टीअरिंगला हे कायम होतं. तांडेल सांगतो चाक धरून ठेवलं तरी हळूहळू फिरत राहतं, बोट एका अंगाला जाते. सगळीकडे बघायचं, कुठे ओलं नाही. तेव्हा एकतर सिलिंडरचं पिस्टन सील गेलेलं असतं, नाहीतर चाकाखालच्या पंपात लॉक व्हॉल्व असतो त्याच्या सीटवर, म्हणजे व्हॉल्व जिथे टेकून बंद होतो त्या जागेवर, कचरा बसलेला असतो. माझा अनुभव सांगतो, दहात सहा वेळा कचरा. लोक आधी सील किट मागवतात, सिलिंडर उघडतात, पैसे घालवतात, परत जोडलं की तेच.

एक विचारा भावाला. कुठल्या जोडाला पांढरी टेप लावलीय का, नळाला प्लंबर लावतात ती.

देवबागकर
बुधवार, सकाळी ६:५०

ताईनु, माका इमानातला कायएक कळना नाय, पण ह्या घर्र घर्र वाचून आमच्या होडयेचो पंप आठवलो. पर्ससीनच्या विंचाक हायड्रोलिक आसा. गेल्या साली पंप असोच बोलत होतो, तांडेल म्हणालो त्याल वत. वतला. परत वतला. शेवटाक कळला की त्याल कमी नव्हताच, आमी टाकी उतू जायसर भरलंव. मिस्त्री बरोबर सांगतत.

शून्यगुरुत्व
बुधवार, सकाळी ९:१५

मी मेकॅनिकल थर्ड इयर. पण प्रेशर पडतोय याचा अर्थ सिस्टिममध्ये हवा असेल ना? ब्लीड केलं, म्हणजे हवा काढून टाकली, की झालं. बाकी भारतीयांना विमान नवीन नाही, तळपद्यांनी १८९५ ला चौपाटीवर उडवलं होतं, राइट बंधूंच्या आधी.

हंसावरचा
बुधवार, सकाळी १०:४०

मी नौदलात विमानांच्या देखभालीत होतो, बराचसा काळ गोव्यात दाबोळीला, आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर. आता वेंगुर्ल्यात असतो.

@शून्यगुरुत्व, हवेचं लक्षण वेगळं. हवा असली की चाकं धक्क्याधक्क्याने वर जातात, वेळ जास्त लागतो, पंप बंद झाल्यावर गेजचा काटा स्प्रिंगसारखा हलतो. आणि हवा अडकलेली असेल तर ती गादीसारखं काम करते, म्हणजे प्रेशर उलट सावकाश पडतो, पंप कमी वेळा चालू होतो. इथे लक्षण उलटं आहे. ब्लीड करणं वाईट नाही पण त्याने हे जाणार नाही. तळपद्यांच्या उड्डाणाचा कुठलाही भक्कम पुरावा नाही, आणि ज्या ग्रंथावर ते बेतलेलं सांगतात त्यातली विमानं उडू शकत नाहीत हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये गणितं मांडून दाखवलंय. तो वेगळा धागा काढा.

ताई, तुमच्या भावाचं अर्धं म्हणणं खरं आहे. दाबावर चाकं धरणाऱ्या विमानात पंप अधूनमधून बोलतो. प्रश्न "बोलतो का" हा नाही, "कधी आणि किती वेळा" हा आहे. वर चढताना बोलत असेल आणि एका उंचीवर स्थिरावल्यावर गप्प होत असेल तर ते थंडीमुळे. सरळ उडताना पाऊण तास झाला तरी दर चार मिनिटांनी असेल तर गळती. तुम्ही स्वतः घड्याळ लावलंत हे फार चांगलं केलंत. त्याला म्हणावं गुडघ्यावर कागद ठेव आणि प्रत्येक वेळी उंची, बाहेरचं तापमान आणि वेळ लिही. दोन उड्डाणांत कळेल.

सागरवेळ
बुधवार, दुपारी १:२०

@हंसावरचा काका, थंडीचं वाचलं आणि डोक्यात एकदम प्रकाश पडला, कारण हे तर मी दरवर्षी शिकवते. मधल्या सुट्टीत फळ्यावर हिशोब केला. तेल दाबायला किती कठीण असतं त्याचा आकडा साधारण दोन लाख पीएसआय, आणि एक अंश तापमानाला ते सुमारे ०.०८ टक्के आकसतं. म्हणजे पूर्ण कडक, बंद भांड्यात कोंडलेलं तेल एक अंश थंड झालं तर कागदावर दीडशेच्या आसपास पीएसआय उतरतो! प्रत्यक्षात होज फुगलेले असतात, पाइप ताणलेले असतात, ते थोडं सांभाळून घेतात, म्हणून इतका उतरणार नाही. पण दर हजार फुटांना हवा दोन अंश थंड होते, साडेआठ हजार फुटांवर सतरा अंश झाले. म्हणजे चढताना पंप चार-पाच वेळा बोलला तरी त्यात नवल नाही.

आणि दुसरी गोष्ट, हीच मला जास्त टोचली. अकराशेवरून आठशेवर यायला, म्हणजे तीनशे पीएसआय जायला, किती तेल निसटावं लागतं? सिस्टिममध्ये लिटरभर तेल धरलं तर दीड मिली. चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा. होजमुळे थोडं जास्त धरा. एवढंसं तेल आतल्या आत टाकीत गेलं तर पातळीत दिसणार कसं? बापू टाकी बघून "कमी नाही" म्हणतो त्याने काहीच सिद्ध होत नाही. आज रात्री फोन करते.

कातळशिल्प
बुधवार, दुपारी ३:०५

मला मूळ प्रश्नच कळत नाही. चाकं आत घ्यायचीच कशाला? दोन सीटचं विमान, हौस म्हणून उडवायचं. चाकं खाली बोल्ट मारून ठेवा, पंप नको तेल नको सील नको. जेवढं कमी तेवढं बिघडायला कमी. व्हान्सची आरव्ही मालिका जगात घरी बांधलेल्या विमानांमध्ये सगळ्यात जास्त, आणि त्यांची सगळी मॉडेलं बिनओढत्या चाकांची. सिरसचं एसआर२२ कारखान्यातलं विमान, चाकं कायम बाहेर, तरी १८० नॉटच्या आसपास जातं.

सुरंगी_ह्यूस्टन
बुधवार, रात्री ८:३०

@कातळशिल्प, तुमच्या मुद्द्याचा मान राखून सांगते, नवीन बांधणाऱ्याला मीही तेच सांगेन. पण ताईंच्या भावाचं विमान बांधून झालंय आणि त्याच्या पंखाचं, इंजिनाचं सगळं गणित चाकं आत धरून बसवलेलं आहे. आता चाकं बाहेर पक्की करायची म्हणजे नवीन डिझाइनच.

मी इथल्या क्लबमध्ये पायपर ॲरो उडवते. तिलाही वर कुलूप नाही, दाबावरच चाकं. आपत्कालीन लिव्हर दाबला की दाब सोडला जातो आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली. सेस्ना १७२ आरजीमध्ये मात्र त्यासाठी हाताने पंप मारायचा असतो. दोन वेगळे विचार आहेत. हातपंपाला ओढायला टाकीत तेल शिल्लक असावं लागतं, वजनाने पडणाऱ्याला काहीच लागत नाही, म्हणून मला ॲरोचं आवडतं.

आमच्या विमानाचा पंप चढताना एक-दोनदा बोलतो, मग तासभर शांत. दर चार मिनिटांनी मी कधीच चालवून घेणार नाही. एक तर ती मोटर सतत चालायला बनवलेली नसते, तापते. दुसरं, रोजचा आवाज कानाला सवयीचा होतो आणि ज्या दिवशी चाराचे दोन मिनिटं होतील त्या दिवशी लक्षात येणार नाही.

अजून एक भावाला विचारा. आपत्कालीन व्हॉल्वचा दांडा कुठे आहे? सीटवर पट्टा बांधून बसल्यावर न वाकता, मान न वळवता हात पोचतो का? गायक जॉन डेन्व्हर १९९७ साली लाँग-ईझी या घरी बांधलेल्या विमानात गेला, त्यात बांधणाऱ्याने पेट्रोलच्या टाक्या बदलायचा व्हॉल्व मूळ नकाशाप्रमाणे न लावता पायलटच्या डाव्या खांद्यामागे लावला होता. तपासात ते मोठं कारण निघालं. सेकंडहँड घेतलेल्या घरगुती विमानात मूळ बांधणाऱ्याने कुठे काय स्वतःच्या मनाने केलंय हे शोधत बसावं लागतं.

रानमेवा
बुधवार, रात्री ८:५२

+१. अवांतर: लाँग-ईझी म्हणजे ते उलटं दिसणारं ना? त्याची चाकं कशी असतात?

सुरंगी_ह्यूस्टन
बुधवार, रात्री ९:१०

हो, बर्ट रुटानचं डिझाइन, छोटे पंख पुढे. त्यात मागची दोन चाकं कायम बाहेर, फक्त पुढचं चाक आत जातं, तेही हाताने हँडल फिरवून. तेल नाहीच.

बंदरमिस्त्री
बुधवार, रात्री ११:४०

ताईंचा दीड मिलीचा हिशोब वाचला. हे मला कधी कुणी आकड्यात सांगितलं नव्हतं, पण हाताला माहीत होतं. आमच्या काही मशीनना ॲक्युम्युलेटर असतो, गोळा, त्यात रबरी फुग्यात नायट्रोजन. तो असला की थोडं तेल गेलं तरी गॅस फुगून दाब धरून ठेवतो, पंप पंधरा-वीस मिनिटांनी बोलतो. लोक म्हणतात बघा गोळा लावला आणि बिघाड गेला. बिघाड गेला नाही, आवाज गेला. भावाने तसलं काही सुचवलं तर आधी गळती शोधा म्हणावं. आणि गोळ्यात नायट्रोजनच, कंप्रेसरची हवा कधीच नाही, तेलाची वाफ आणि हवा दाबली गेली की पेट घेते.

हंसावरचा
गुरुवार, सकाळी ८:१५

मिस्त्री, अगदी नेमकं. आता ताई, शोधायचं कसं ते लिहितो, भावाला वाचून दाखवा.

विमान जॅकवर. पंखाखाली नीट टेकू, शेपटीला वजन, आणि चाकांच्या टप्प्यात कुणी उभं राहायचं नाही. चाकं वर घ्या, पंप बंद झाला की त्याचा ब्रेकर ओढा म्हणजे तो परत चालू होणार नाही. चाकं वर धरणाऱ्या लाइनला गेज हवा. दहा मिनिटं काटा बघा, मिनिटाला किती उतरला ते लिहा. हँगरचं तापमान त्या वेळात बदलू नये, दुपारचं ऊन आत येत असेल तर आकडे फसवतील, पहाटे करा.

उतरत असेल तर वाट शोधायची. चाकं वर असताना दाब फक्त "वर" च्या बाजूला असतो, "खाली" ची बाजू टाकीकडे मोकळी असते. तिन्ही सिलिंडरच्या "खाली" च्या लाइनी जिथे एकत्र येऊन पंपाकडे जातात तो जोड सोडायचा, पंपाकडचं तोंड टोपी लावून बंद, दुसऱ्या तोंडाखाली स्वच्छ बाटली. आता तिथे थेंब थेंब तेल येत राहिलं तर कुठलंतरी पिस्टन सील पास होतंय किंवा आपत्कालीन व्हॉल्व नीट बसत नाही, कारण तोही याच दोन बाजूंच्या मध्ये असतो. मग एकेक सिलिंडर वेगळा करून बघायचा. आणि थेंब येत नाही, पण काटा तरी उतरतोय, तर गळती पंपाच्या पॅकमध्ये, चेक व्हॉल्वमध्ये (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व). आधी हे करायचं, मग पाना हातात घ्यायचा.

तेलाचं विचारा. लाल असेल तर बहुधा ५६०६, मिनरल तेल, नायट्राइल रबराच्या ओ-रिंगना चालतं. त्यात कुणी गाडीचं ब्रेक ऑइल कधी ओतलं असेल तर ते ग्लायकॉलचं, नायट्राइल फुगून मऊ पडतं, मग सगळ्या सील बदलाव्या लागतील. मोठ्या प्रवासी विमानात जांभळं तेल असतं, त्याची सील तिसरीच. बोटीतलं ६८ नंबरचं तर यात चुकूनही नको, ५६०६ पातळ असतं, साधारण १५ नंबरच्या जवळ.

विमान समुद्राजवळ ठेवतो म्हणालात. सिलिंडरचा जो चकचकीत दांडा बाहेर येतो त्यावर नख फिरवून बघा. खाऱ्या हवेने क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि प्रत्येक फेरीत ते सीलवर किसणीसारखे घासतात. आम्ही समुद्रावरून विमान परत आलं की गोड्या पाण्याने धुवायचो, मग दांडे त्याच तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसायचो.

डॉक्टर_वाशिष्ठी
गुरुवार, दुपारी २:३०

मी चिपळूणला प्रॅक्टिस करतो. विमानातलं कळत नाही, एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गळती शोधताना दाबाखालच्या पाइपवरून बोट फिरवायचं नाही. कधीच नाही. बारीक छिद्रातून येणारी धार शंभर पीएसआयच्या पुढे कातडी फोडून आत जाऊ शकते, इथे तर हजाराच्या गोष्टी चालल्यात. माझ्याकडे एका खोदाई मशीनचा ड्रायव्हर आला होता, तर्जनीवर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, दुखत नाही म्हणत होता, मलम मागत होता. मी त्याला त्याच गाडीने कोल्हापूरला सर्जनकडे पाठवला. रात्री बोट उघडून तेल धुवून काढावं लागलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबला असता तर बोट गेलं असतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा, त्यावर ओला डाग पडतो. आणि टोचलंच तर दुखो न दुखो, तासाभरात हॉस्पिटल, आणि तिथे "हायड्रॉलिक तेल आत गेलंय" हे शब्द स्पष्ट सांगायचे.

बंदरमिस्त्री
गुरुवार, दुपारी ३:१०

डॉक्टरसाहेब, हे मी आमच्या पोरांना वाचून दाखवणार. आमच्याकडे सगळे हातानेच बघतात.

शून्यगुरुत्व
गुरुवार, संध्याकाळी ६:४५

हंसावरचा काका, हवेबद्दल मी चुकलो, समजलं. एक शंका, प्रेशर पूर्ण गेला तरी चाकं खालीच येणार असतील तर धोका नक्की काय? डिझाइनच सुरक्षित बाजूला झुकलेलं आहे ना?

हंसावरचा
गुरुवार, रात्री ९:००

चांगला प्रश्न. दोन धोके. पहिला, चाकं ज्या वेगाखाली सोडायची ती मर्यादा असते. त्याहून खूप वेगात असताना एक चाक लोंबलं तर दरवाजा तुटू शकतो, विमान एका अंगाला ओढतं. दुसरा जास्त मोठा, चाक खाली आलं पण पूर्ण अडकलं नाही. विशेषतः पुढचं. गॅसचा स्ट्रट दर वर्षी थोडा थोडा म्हातारा होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण रोज पंप ते चाक ढकलून अडकवतो. ज्या दिवशी पंप नाही त्याच दिवशी स्ट्रटची परीक्षा.

म्हणून जॅकवर आपत्कालीन व्हॉल्व उघडून चाकं सोडून बघायची. आणि जॅकवर समोरून वारा नसतो म्हणून पुढच्या चाकाला ताणकाटा लावून मागे ओढून धरायचं. मासे तोलायला असतो तसा हुकाचा काटा. काही किलो ओढ असतानाही ते पुढे जाऊन खट्ट करून बसलं पाहिजे. किती किलो ते किटच्या कागदात बघावं.

आणि तिसरा धोका माणसाचा. २९ डिसेंबर १९७२, ईस्टर्नची फ्लाइट ४०१, मायामीजवळ. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. बल्ब गेला होता, चाक खाली होतं. कॉकपिटमधले सगळे त्या बल्बच्या मागे लागले, ऑटोपायलट उंची सोडतोय हे कुणी बघितलं नाही, विमान दलदलीत उतरलं, १०१ माणसं गेली. तुमच्या भावाला सांगा, पंप बोलला की पहिली नजर वेगावर आणि उंचीवर, मग गेजवर.

देवबागकर
शुक्रवार, सकाळी ७:०५

वाचून अंगार काटो इलो. ताईनु, भावाक सांगा पंप धड झाल्याबिगर आवशीक बसव नको.

सागरवेळ
शुक्रवार, रात्री १०:३०

बापूशी रोज बोलतेय. सुरुवातीला वैतागला, म्हणाला तू आख्ख्या कोकणाला माझं विमान दाखवतेस. मग डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून गप्प बसला. त्याने कबूल केलं की तो पाइपवरून बोट फिरवूनच बघत होता.

@सुरंगी_ह्यूस्टन, आपत्कालीन दांडा दोन सीटच्या मध्ये आहे, हात पोचतो. मी उडताना त्यावर पाण्याची बाटली ठेवली होती, आता आठवून कसंतरी होतंय.

@बंदरमिस्त्री, पांढऱ्या टेपचं विचारलं. म्हणाला आधीच्या मालकाने कुठेच लावलेली नाही, सगळे जोड फ्लेअरचे आहेत (पाइपचं तोंड पसरवून बसवलेले). शनिवारी पहाटे जॅकवर घेतोय.

बंदरमिस्त्री
शुक्रवार, रात्री ११:१५

फ्लेअरला काहीच लावायचं नसतं, धातूवर धातू बसतो. फक्त एक बघा, विमानाचा फ्लेअर ३७ अंशाचा असतो असं मी वाचलंय आणि गाड्यांचा ४५. दिसायला सारखे, पण एकमेकांत बसवले तर कडेवरच टेकतात. आणि गेज? गेज फ्लेअरने बसत नाही सहसा, त्याला निमुळते आटे असतात. तो कुणी बसवला, आधीच्या मालकाने का भावाने?

हंसावरचा
शनिवार, सकाळी ७:३०

३७ आणि ४५, बरोबर वाचलंत मिस्त्री.

सागरवेळ
रविवार, सकाळी ११:५०

झालं! सविस्तर लिहिते, कारण तुम्हा सगळ्यांचं त्यात काहीतरी आहे.

त्याच्याकडच्या पहाटे पाच वाजता जॅकवर घेतलं, मी व्हिडिओ कॉलवर, माझ्याकडे दुपारचे साडेतीन. ब्रेकर ओढला, काटा मिनिटाला सत्तरच्या आसपास उतरत होता. म्हणजे चार मिनिटांत तीनशेला जरा कमी, आकाशात जे दिसलं तेच जमिनीवर. मग "खाली" ची लाइन सोडली, खाली काचेची बरणी. आम्ही दोघं बरणीकडे बघत बसलो. सुरुवातीला पाइपमधलं होतं तेवढं दोन थेंब पडलं, मग काही नाही. दहा मिनिटं. काटा मात्र उतरतच होता. तिन्ही सिलिंडर निर्दोष! तो तर तिन्हींची सील किट मागवून बसला होता.

मग पंपाचा पॅक काढला, बाकावर स्वच्छ पांढरा कपडा घालून चेक व्हॉल्व उघडला. छोटी गोळी, स्प्रिंग, आणि सीट. कॅमेऱ्यासमोर धरलं तर काहीच दिसेना. त्याने भिंगातून बघितलं आणि म्हणाला ताई, केस आहे. चिमट्याने काढून कपड्यावर ठेवला. पांढरा, खोबऱ्याच्या किसाचा असतो तसा एक तंतू, माझ्या नखाएवढाही नाही. ताणला तर तुटेना, लांबत गेला.

टेप. मिस्त्री, तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

आणि गेजचं तुम्ही विचारलंत तेच खरं. गेज आधीच्या मालकाचा नव्हता. गेल्या मार्चमध्ये बापूनेच बसवला, प्रेशर नीट दिसावा म्हणून, आणि त्याच्या निमुळत्या आट्यांना घरातली टेप तीन वेढे लावली, पहिल्या आट्यापासून. आत फिरवताना टेपचा काठ कापला गेला असणार आणि तेलाबरोबर फिरत फिरत सीटवर येऊन बसला. त्याला विचारलं पंप कधीपासून बोलतोय, तर म्हणाला आधी कानावर नव्हता आला. गेज लावल्यावर लक्ष जायला लागलं असं त्याला वाटत होतं.

सगळी लाइन धुवून घेतोय, तेल नवीन.

बंदरमिस्त्री
रविवार, दुपारी १२:३०

ताई, वाचून फार बरं वाटलं. गेज परत लावताना टेप नको, पेस्ट मिळते आट्यांची, ती पहिले दोन आटे सोडून लावायची. आणि एक तंतू सापडला म्हणजे एकच होता असं धरू नका. फिल्टर आणि आपत्कालीन व्हॉल्वची सीट पण उघडून बघा.

रानमेवा
रविवार, दुपारी १:००

मी आत्ता आमच्या किचनच्या नळाची टेप बघून आले. वाचनखूण साठवली.

कातळशिल्प
रविवार, दुपारी ४:२०

छान शोध. माझं मत बदललं नाही, चाकं बाहेरच बरी, पण ज्या क्रमाने तुम्ही लोकांनी शोधलंत ते मनापासून आवडलं.

सागरवेळ
पुढच्या शनिवारी, रात्री ११:१०

अपडेट. आपत्कालीन व्हॉल्वमध्ये अजून एक तुकडा मिळाला, मिस्त्री, त्याहून बारीक. जॅकवर दहा मिनिटांत काटा जेमतेम वीस उतरला. काल उडला. चढताना पंप तीनदा बोलला, अडीच, साडेचार आणि सात हजारावर, आणि मग सरळ पन्नास मिनिटं एकदाही नाही. कागदावर लिहून फोटो पाठवलाय, बाहेरच्या तापमानासकट. सोमवारी वर्गात दाखवणार आहे.

हंसावरचा
रविवार, सकाळी ८:००

उत्तम. पुढच्या चाकाचा स्ट्रट?

सागरवेळ
रविवार, सकाळी ८:२५

काका, सामानाचा काटा लावून ओढून बघितलं. चाक पुढे आलं पण खट्ट झालं नाही, बोटभर अलीकडे थांबलं. तीनदा तसंच. नवीन स्ट्रट मागवलाय, यायला तीन आठवडे. तो बसून परत काट्यावर पास होईपर्यंत चाकं वर घ्यायची नाहीत असं ठरलंय, आणि आईला अजून काही सांगितलेलं नाही.

देवबागकर
रविवार, सकाळी ८:४०

सांगा नको. स्ट्रट बसलो की हय लिवा, मगे सांगा.